व्हरांड्यात पुकारलेलं नाव

जालन्याच्या शिबिराच्या हॉलात मी मागच्या खुर्चीवर नुकताच टेकलो होतो. आमच्या कोर्टाचे अधीक्षक वळून म्हणाले, "तू कुठं बसून राह्यला? पुकारा करायलाबी ट्रेनिंग लागतं का? चहाचं बघ, जल्दी."

सगळे हसले. डॉक्टर, नर्सा, फौजदार, वकील. मीही हसलो. ही माझी जुनी खोड. अपमान माझा, अन् हसूही माझंच.

शिबिर होतं अत्याचार झालेल्या बाईशी कसं वागावं याचं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "ती कोर्टात येते, तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा कोण बोलतं?"

वकील म्हणाले, वकील. फौजदार म्हणाले, पोलीस.

चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबलो. पहिल्यांदा बोलतो मी. कोर्टाचा शिपाई. बोलतो कसला, ओरडतो.

आवाजाचा मला भारी गर्व. बायको म्हणायची, "भाकर हळू मागा की! मी काय आरोपी हाय?" मागच्या महिन्यात त्याच आवाजात मी अत्याचाराच्या केसमधल्या एका पोरीला साक्षीला पुकारलं. तिचं नाव, बापाचं नाव, गाव. तीनदा, रिवाजाप्रमाणं. टपरीवरची माणसं चहा ठेवून बघायला आली. पोरीनं ओढणीत तोंड लपवलं अन् फाटकाबाहेर पळाली. मी आत जाऊन सांगितलं, "गैरहजर."

गैरहजर! मीच हाकललं होतं तिला.

ट्रे अधीक्षकांच्या पुढ्यात ठेवला. खुर्चीवर बसलो. "बाई, पहिल्यांदा मी बोलतो."

"ऊठ!" अधीक्षक म्हणाले.

"न्हाई उठत, साहेब. आधी ऐका."

सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या तारखेला पोरगी आईचा हात धरून आली. मी व्हरांडा उतरून तिच्यापाशी गेलो, हळूच म्हणालो, "ताई, चला. आपली केस निघाली." एवढा बारीक आवाज माझ्या गळ्यात होता, हे मलाच ठाऊक नव्हतं. ती आत गेली. साक्ष दिली. पूर्ण दिली.

बाहेर अधीक्षक तापलेले. "पुकारा का न्हाई केला? मेमो देतो."

"द्या."

दिला. उत्तर मी माझ्या हातानं लिहिलं. शुद्धलेखन कच्चं, म्हणून थोडक्यात: 'अशा बाईचं नाव व्हरांड्यात पुकारणार नाही. हुकूम आला तरी नाही. बदली केलीत, तर माझ्या जागेवर येणाऱ्याला आधी हेच शिकवीन.'