तीस फुटांवरची मनाली

खोपोलीच्या त्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवणारी मनाली ही एकटीच बाई. तीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसून ती टनभर लोखंड असं अलगद ठेवते की खालच्याला धक्काही जाणवत नाही. लघवीला खाली उतरायचं म्हणजे उभी शिडी आणि अडलेलं काम, म्हणून ती शिफ्टभर पाण्याला शिवायची नाही. गेल्या वर्षी मूतखडा झाला. तेव्हापासून तिची आई उज्वला तिला रोज सकाळी कुळथाचं कढण पाजायची, सढळ हाताने मीठ घालून.

यंदाच्या तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरांना तिचा रक्तदाब दीडशे-शंभर सापडला. महिन्याभरात उतरला नाही तर क्रेन बंद, खाली काम, असं त्यांनी बजावलं. मूतखड्याचं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मूतखड्याचं नावही काढू नकोस, क्रेन लगेच काढून घेतील, असं उज्वलाने लेकीला विनवलं.

"नाय गं आई," मनाली म्हणाली. "माझ्या खाली माणसं उभी असतात. वर मलाच काही झालं तर?"

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. खडे होणाऱ्यांमध्ये रक्तदाबही बऱ्याचदा वाढलेला सापडतो, म्हणाले ते. त्यांनी मूत्रपिंडाच्या तपासण्या करवल्या, गोळी सुरू केली, खाण्यापिण्याची चौकशी केली. पाणी वाढवा, मीठ तोडा, जादा मीठ दोन्हीला वाईट.

हे ऐकल्यावर उज्वलाला जेवण गेलं नाही. मनाली हसली. "अगं, तुझ्या कढणामुळे निदान तेवढं पाणी तरी पोटात गेलं."

मग ती सुपरवायझरपुढे उभी राहिली. दर दोन तासांनी दहा मिनिटं खाली उतरायला हवीत.

"मॅडम, क्रेन चालवताय की पाणपोई?"

"पाणपोई खालीच राहू द्या साहेब. मी उतरून येईन." तिने डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. आठवडाभर कुरकुर करून त्याने ती दहा मिनिटं मंजूर केली.

महिन्याने रक्तदाब एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी भरला. क्रेन चालवायला हरकत नाही, असा शेरा मारून डॉक्टरांनी सही केली. उज्वलाने तो कागद तीनदा वाचला.

दुसऱ्या क्रेनवरचे काळूराम निवृत्तीला आलेले. परवा त्यांनी मनालीला शिडीपाशी गाठलं. "पोरी, वीस वर्षं मी बी वर असाच कोरडा बसलो. आमाला कुणाला बोलायचं सुचलं नाय."

आता तेही उतरतात. डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायलाही ते पहिल्यांदाच गेले, मनालीला सोबत घेऊन.