रिकाम्या सिरिंजमधली फुंकर

गल्लीतल्या निम्म्या बायका टेलरबाईच्या हातचे कपडे घालत आणि उरलेल्या निम्म्या तिने वेळेवर न दिलेल्या कपड्यांबद्दल बोलत. सगळ्यांनाच तिचं उत्तर एकच असे, "उद्या." तोंडात टाचण्या धरून आयुष्य काढल्यावर माणूस थोडक्यात आटपतो. नणंद याला माज म्हणे. ही नणंद लग्नाच्या भानगडीत न पडता भावाकडेच राहिली होती, आणि आपला चहाचा कप उचलणं हे आपलं काम नव्हे, यावर ठाम होती.

त्या दुपारी ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना टेलरबाईची छाती धावत सुटली. जणू मशीनच्या पायट्यावर कुणाचाच पाय नाही आणि सुई आपली खाली-वर, खाली-वर! दुखणं ओळखीचं होतं. मागच्या वेळी दवाखान्यात इंजेक्शन दिलं. धडधड थांबली, पण त्याआधी क्षणभर आपण संपलोच, असं तिला वाटलं होतं.

"काहीही करा, ते इंजेक्शन नको," ती रिक्षात म्हणाली.

"जन्मभर सुया टोचतेस आणि सुईला भितेस?" नणंद म्हणाली. पण हात घट्ट धरून होती.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली, रक्तदाब पाहिला. "सिस्टर, इंजेक्शन भरून ठेवा. त्याआधी एक करून बघू." आणि टेलरबाईच्या हातात रिकामी सिरिंज दिली. "यात फुंका. आतला दट्ट्या हलला पाहिजे. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

एवढा दवाखाना, एवढ्या वायरी, आणि उपचार काय, तर फुंकर! ती फुंकू लागली.

"गाल फुगवून बसायची रोजची सवय आहे की तुला. लाव जोर!" नणंद म्हणाली.

टेलरबाईला हसू फुटलं. दम गेला. छाती धावतच राहिली. सिस्टरने इंजेक्शनचा ट्रे जवळ आणला.

"एकदाच आणखी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुंकून झालं की सिस्टर पलंग सपाट करतील, त्याच क्षणी पाय उंच उचलायचे. रक्त हृदयाकडे धावलं की ते भानावर येतं, कधी कधी. तुम्ही उचला पाय."

"मी? हिचे?" नणंदेने विचारलं.

"मग काय माझे?"

टेलरबाई कानात दडे बसेपर्यंत फुंकत राहिली. दट्ट्या केसभर सरकला. "बस!" पलंग आडवा झाला, पाय हवेत गेले. छातीत काहीतरी ठेचकाळलं. मग काहीच नाही. वर पंखा फिरत होता, आणि आत एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

मग एक ठोका. सावकाश दुसरा. घाई नसलेलं कुणीतरी जिना चढून वर यावं, तसे.

ठोक्यांची रेघ दाखवणारा पडदा नणंदेच्या समोर होता. वहिनीचे पाय दोन्ही हातांनी तसेच उंच धरून ती त्याकडे बघत होती. घरात असं कुणी पाहिलं नव्हतं. "वहिनी," ती म्हणाली, "रेघ थांबली होती गं. मग आपली आपण चालायला लागली."

"कितीदा पाहिलंय," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तरी दर वेळी खरं वाटत नाही."

सिस्टर ट्रे घेऊन निघून गेली. तो दाराआड होईपर्यंत टेलरबाईची नजर त्यावरून हलली नाही.

"पाय ठेवा आता खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असू देत जरा," नणंद म्हणाली. "पुन्हा धावत सुटलं तर?"