बाहेरून लावलेली कडी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दाराची कडी वाजली की ती घटना आठवते आणि तोंड कडू होतं.

गंगापूर रोडच्या पुढे, धरणाकडे, एका अमेरिकन धर्मगुरूने वस्ती उभारली होती. आधी मूठभर गोरे शिष्य आणि तंबू. मग पक्क्या खोल्या, भाजीचे मळे, गिटारवर प्रार्थना. शहरातले शिकलेसवरलेले लोक नोकऱ्या सोडून तिथे राहायला गेले. देवाच्या घरात कुणाचं काही खासगी नसतं, म्हणून तिथल्या एकाही दाराला कडी नव्हती. लोकांना याचं भारी कौतुक. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. फार हळू आणि फार गोड बोलायचा.

देवळाली कॅम्पातल्या एका जवानाची विधवा आमच्या पोलीस ठाण्यात आली. तिची एकुलती एक मुलगी, शाळेतली शिक्षिका, त्या वस्तीत गेली होती आणि आता दिसत नव्हती.

"अमेरिकेतल्या आश्रमात गेली म्हणतात. साहेब, मला न सांगता ती बाजारातसुद्धा जात नव्हती हो!"

आम्ही मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार दाखल केली. वस्तीत दूध घालणाऱ्या गवळ्याने खबर दिली, "साहेब, तिथं कुठंच कडी नाय. पन मागच्या खोलीला नवी बसवलीय. बाहेरून."

शिष्यांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली. ती अमेरिकेतल्या आश्रमात गेली, हे सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द एकच. खरं बोलणारी माणसं इतकी एकसारखी कधीच बोलत नाहीत. शेवटी बँकेतली नोकरी सोडून आलेल्या एका गृहस्थाला मी थेट विचारलं, "मागच्या खोलीला कडी कशाला?"

त्याने मान खाली घातली. "तिला आईची आठवण यायची. इथे ते पाप आहे."

पंचांसमक्ष दार उघडलं. मुलगी जिवंत होती, पण नुसता हाडांचा सापळा. मी ती कडी उखडून ताब्यात घेतली. आई धावली, तर पोरगी भिंतीला चिकटून बसली. जबाबात म्हणाली, "मी सज्ञान आहे. कडी मीच लावायला सांगितली. मन घराकडे ओढ घेतं म्हणून." गुन्हा टिकला नाही, ती तिथेच राहिली आणि दाराला पुन्हा कडी बसली. माझा असा संताप झाला होता!

चौकशीचा बोभाटा झाल्यावर गुरू 'धर्मकार्यासाठी' विमानाने मायदेशी गेला, तो परत फिरकला नाही. शिष्य वाट बघून एकेक करत घरी गेले. मळे वाळले, लोकांनी छपरांचे पत्रेसुद्धा काढून नेले. ती मुलगी सगळ्यात शेवटी निघाली. कडी लावणारं कुणीच उरलं नाही, तेव्हा घरी आली.

निवृत्तीनंतर कॅम्पच्या बाजारात तिची आई भेटली आणि चहाला घरी घेऊन गेली. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी कडी होती. मी बघतोय हे बाईंच्या लक्षात आलं.

"साहेब, तुम्ही काढलीत, आता मी लावते. नाही लावली तर रडते, तिला झोप लागत नाही."

नोकरीभर मी समजत आलो की माणूस सापडला की केस संपली. किती मूर्ख होतो मी!

"आई, लावलीस का गं?" आतून आवाज आला.

बाई उठल्या आणि त्यांनी माझ्यासमोर कडी लावली.