म्हाताऱ्या गोलकीपरसाठी बोललेला नवस

निघताना ह्यांनी कुलूप तीनदा ओढून बघितलं. मी रिक्षात बसलेले, मांडीवर लोणच्याची बरणी, आणि हे आपले परत पायरी चढून कुलूप ओढताहेत. शेजारची कुसुम फाटकाशी उभी होती. तिच्या हातात किल्ली देत हे म्हणाले, "सहा महिन्यांचा तर प्रश्न. कुंड्यांना पाणी घाल, कुसुम. जास्त नको, जास्वंद सडते." कुसुम म्हणाली, "भाऊ, तुम्ही या तर खरं, जास्वंदीचं मी बघते." सांगलीच्या आमच्या घरातून आम्ही दोघं मिळून निघालो ते असे. दोघं मिळून परत त्या फाटकातून आत गेलो नाही.

संदीप, आमचा एकुलता एक, मिनेसोटात ईडन प्रेरीला राहतो. सूनबाईची नोकरी आणि नात लहान, म्हणून आम्हाला बोलावलं. सहा महिन्यांचा व्हिसा होता. मग तो वाढवला, मग संदीपने ग्रीन कार्डाचं केलं. मला कोणी विचारलं असंही नाही आणि मी नाही म्हटलं असंही नाही. गल्लीतल्या बायांनो, तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या पोरांकडे परदेशी आल्यात त्यांना हे कळेल. ज्या तिथेच राहिल्या त्यांना वाटतं आम्ही ठरवून आलो.

ह्यांनी येताना बॅगेत एक लांबट वही घातली होती. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर हे आमच्या पुढच्या खोलीत वधूवर केंद्र चालवायचे, माहीत आहे ना तुम्हाला? निम्म्या गल्लीची लग्नं त्या खोलीत जमली. नाव, जन्मगाव, उंची, शिक्षण असे रकाने आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात हे आपल्या बारीक अक्षरात लिहायचे, 'मुलगा गुणी, आई बोलकी.' असलं काहीतरी. मी म्हटलं, अहो, अमेरिकेत कुणाची लग्नं जमवणार? म्हणाले, "कोरी आहे. असू दे."

ती वही भरली ती हॉकीने. बर्फावरच्या हॉकीने!

त्याचं असं झालं. शेजारी कार्ल राहतो. शाळेची बस चालवून रिटायर झालेला, बायको वारलेली, मुलं लांब. पहिल्या हिवाळ्यात आम्ही घरात कोंडलेले बघून हा ह्यांना टीव्हीवर मॅच बघायला घेऊन जायला लागला. ह्यांचं इंग्रजी ऑफिसच्या फायलीतलं, कार्लचं नाकातलं. पण जमलं. पायांना गाद्या बांधून जाळीपुढे उभा राहणारा एक गोलकीपर ह्यांना फार आवडायचा. चाळिशीला टेकलेला, दाढीत पांढरं. हे त्याला 'म्हातारा' म्हणायचे. हिवाळ्यातल्या मॅचेस मला कधी कळल्या नाहीत. काळी चकती मला दिसायचीच नाही. मला कळायला लागलं ते उन्हाळ्यातलं बोलणं.

उन्हाळ्यात खेळ बंद. मग ह्या दोघांची बैठक आमच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर. कोण रिटायर होणार आणि नवीन पोरांपैकी कोण कुठे जाणार, एवढे दोनच विषय. जूनमध्ये ड्राफ्ट असतो, म्हणजे अठरा-अठरा वर्षांची पोरं रांगेने निवडतात आणि टीम्स त्यांना वाटून घेतात. त्याआधी पेपरात पोरांची माहिती येते. नाव, जन्मगाव, उंची, वजन. ह्यांनी ती यादी बघितली आणि जे हसले! "अगं ए, ही तर स्थळं आहेत!" उठले, वही आणली, रकाने आखले. कार्ल सांगायचा, हे लिहायचे. शेऱ्याच्या रकान्यात 'तापट', 'घरचं वळण चांगलं', आणि एकाला 'उंची उत्तम, पुढचे दात नाहीत'. कार्लला त्याचा अर्थ सांगितला तर तो खुर्चीतून पडायचा राहिला. 

टीव्हीवर दाखवतात ते. पोरगं नव्या सुटात आई-बापांशेजारी बसलेलं असतं. नाव पुकारलं की उठून आईच्या गळ्यात पडतं, आणि मग स्टेजवर सुटाच्या वरूनच टीमची जर्सी चढवतं. आई डोळे पुसते. मी म्हटलं, कुठल्या गावी जायचं हे त्या पोराला विचारतात का? कार्ल म्हणाला, नाही, जो बोलावेल तिकडे जायचं. मी हातातली भाजी निवडत राहिले.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या उन्हाळ्यात मी ह्यांच्या मागे लागले, परत कधी जायचं ते एकदा सांगा. नात शाळेत जायला लागली, आता इथे आपलं काय काम? तर हे म्हणाले, "म्हातारा रिटायर झाला की दुसऱ्या दिवशी तिकिटं काढू. शब्द माझा." थट्टेतच म्हणाले. पण मी तो शब्द पदराला बांधला. इथे आमचा देव पॅन्ट्रीच्या कपाटात, डाळींच्या डब्यांशेजारी. त्याच्यापुढे हात जोडून मी नवस बोलले, देवा गणपती, ह्या म्हाताऱ्याला घरी बसव. तुझ्या दारात येऊन एकवीस मोदक वाहीन.

हसू नका. मी मनापासून बोलले होते.

तर त्या वर्षी टीमचे मालक आणि खेळाडू भांडले आणि अख्खा सीझनच झाला नाही. मला वाटलं, झालं काम. कसलं काय! हे म्हणाले, "न खेळता कुणी रिटायर होतं का?" पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः कुंपणापाशी जाऊन कार्लला विचारलं, "कार्लभाऊ, ओल्ड मॅन रिटायर?" कार्लने एक बोट वर केलं. आणखी एक वर्ष. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक बोट. आमची नात रिया सांगायची, "आजी, ही लव्ह्ज इट, ओके? लेट हिम प्ले." मी मनात म्हणायची, बाई गं, तुझी आजी इथे दर रविवारी फोनचं कार्ड खरडून कुसुमला जास्वंदीची खुशाली विचारते. हा म्हातारा कधीतरी पुरे म्हणेल की नाही?

चौथ्या हिवाळ्याच्या शेवटी ह्यांचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि पसरलेला. डॉक्टरीणबाई चांगली होती, माझा हात हातात घेऊन बोलली. विमानाचा प्रवास झेपणार नाही म्हणाली. संदीप बाहेर पार्किंगमध्ये जाऊन रडला, आम्हाला दिसू नये म्हणून. आम्हाला काचेतून दिसत होता.

डेककडच्या सरकत्या दारापाशी पलंग लावला. जूनमध्ये कार्ल यादी घेऊन आला. ह्यांना वाचवेना, म्हणून मी वाचली. माझं इंग्रजी ते तेवढंच, हॉकीच्या पानावर शिकलेलं. अडखळत एकेक गाव वाचत होते आणि हे डोळे मिटून शेरा सांगत होते. "लिही, खांदे रुंद. लिही, लाजाळू दिसतो." माझं अक्षर त्यांच्या अक्षराखाली. वही तशीच चालू राहिली.

आणि जुलैत एका सकाळी कार्ल डेकवर आला पण आत आला नाही. पेपर घडी करून काखेत धरला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. बोट वर केलं नाही.

तीन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मी देवाला नीट सांगितलंच नव्हतं हो. घाईघाईत एवढंच म्हटलं होतं, म्हाताऱ्याला घरी बसव. कुठला म्हातारा, कुणाचं घर, सगळं त्याच्यावर सोडलं होतं. वेडेपणा आहे, मला कळतं. संदीप म्हणतो, "आई, असं काही नसतं." नसेल. पण त्या घटकेला मी कार्लला ओठांवर बोट ठेवून खूण केली.

ह्यांनी विचारलं, "कार्ल काय म्हणतो? म्हाताऱ्याचं काय झालं?"

"अजून एक वर्ष खेळणार म्हणतोय," मी म्हटलं. पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी खोटं बोलले ते तेवढंच.

हे हसले. "मग तिकिटं पुढच्या वर्षी," म्हणाले. "चिडू नकोस." कार्लला मराठीतलं अक्षर कळत नाही. त्याने दारातून एक बोट वर करून दाखवलं. 

उशाशी रेडिओ होता, सकाळपासून चालू. ह्यांना आधीच कळलं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये हे गेले.

अस्थी घेऊन मी आणि संदीप सांगलीला आलो, ते तुम्ही बघितलंच. कृष्णेत विसर्जन झालं. फाटक उघडलं तर जास्वंद माझ्या डोक्याच्या वर गेलेली. कुसुमच्या स्वयंपाकघरात मी एकवीस मोदक केले आणि देवळात नेले. गुरुजींनी विचारलं, "आजी, कशाचा नवस?" काय सांगणार? कुठली हॉकी, कुठला गोलकीपर! "एक काम होतं," म्हटलं, "झालं."

संदीप पुढे अमेरिकेला गेला आणि मी दोन महिने राहिले. तुम्ही सगळ्यांनी मला माया दिली, भाकरी-पिठलं आणून दिलं. सगळे ह्यांच्याबद्दल बोलायचे, पण ते सहा महिन्यांसाठी कुलूप लावून गेलेल्या माणसाबद्दल. त्यानंतरची चार वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. दात नसलेल्या पोराचा शेरा सांगितला तर तुम्ही भलेपणाने हसलात, पण माझ्यासाठी हसलात. घर तेच होतं. ह्यांचा शेवटचा तुकडा तेवढा तिथे नव्हता. मी परत इथे, संदीपकडे आले.

परवा कार्ल यंदाची यादी घेऊन आला. ह्यांच्या खुर्चीत बसला नाही, आपल्याच खुर्चीत बसला. मी वही काढली. एक पोरगा फार लांबचा निघाला, समुद्रापलीकडचा, सतरा संपून अठरावं लागलेलं. कार्ल म्हणाला, "व्हॉट वुड ही से, आजी?" मी शेऱ्यात लिहिलं, 'घरापासून लांब. सांभाळून घ्यावे.'

रविवारी कुसुमचा फोन आला. "वहिनी, जास्वंद छाटायला झालीय. येतेस ना आता?"

"येते गं," मी म्हटलं. "एवढा सीझन होऊ दे."

हे वाक्य कुसुमने फोनवर यापूर्वी चार वर्षं ऐकलं होतं, ह्यांच्या तोंडून.