ऋग्वेदाच्या कॉलेजची बाजू

निशिकांतला मी बारा वर्षं ओळखते. सिंगापूरला, जुरोंग ईस्टमध्ये, आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर. पुण्याचा इंजिनिअर, जन्मभर पहिल्या नंबराने आलेला, त्यामुळे माणसाची किंमत कॉलेजच्या नावावरून करायची खोड. "लिफ्टमध्येही समोरच्याचं रँकिंग बघतोस," असं मी चिडवायचे. पण शनिवार आला की हा गृहस्थ कॉलेजांच्या व्हॉलीबॉल लीगसाठी जीव टाकायचा. मैदानं, पंच, वेळापत्रक, सगळं फुकटात. समितीचा चिटणीस तो, आणि त्याच्याच आग्रहाखातर इतिवृत्त लिहिणारी मी.

त्याच्या मुलीला, ऋग्वेदाला, मार्क कमी पडले. ती एका लहानशा खासगी कॉलेजात गेली आणि तिथे फुलली. टीमची कॅप्टन झाली. मात्र ती कुठे शिकते असं कोणी विचारलं, की हा पठ्ठ्या विषय बदलायचा. समितीतही माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा मोठ्या विद्यापीठांनी लीगची नव्याने मांडणी करायला घेतली. आम्ही कुणाबरोबर खेळतो यावरही आमचं नाव ठरतं, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना रँकिंग नाही, अशी तीन कॉलेजं वगळायची होती. त्यातल्या दोन कॉलेजांचे प्रतिनिधी बैठकीत भांडले आणि एका वर्षाची मुदत घेऊन गेले. तिसरं ऋग्वेदाचं, तिथून कुणी आलंच नव्हतं.

"यांच्या बाजूनं कुणाला बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

निशिकांत समोरच्या कागदाकडे बघत राहिला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. एकच वर्ष हवं होतं, तिचं शेवटचं. तो बोलला नाही. मीही नाही. तिचं कॉलेज वगळलं गेलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, असं मी अजून स्वतःला सांगते.

"बोललो असतो तर माझी मुलगी तिथे आहे हे सांगावं लागलं असतं," परतताना मेट्रोत, एमआरटीत, तो म्हणाला. माझा भयंकर संताप झाला होता.

पुढच्या शनिवारी ऋग्वेदाने मला घरी बोलावलं. सगळी टीम आली होती, केक घेऊन. "मावशी, यू नो, आमच्यासाठी फक्त बाबा भांडला," ती म्हणाली. "त्यानेच सांगितलं मला. कुणी ऐकलंच नाही त्याचं."

मुलींनी टीमचा शर्ट आणला होता, सगळ्यांच्या सह्या केलेला. "अंकल, नेव्हर माइंड लाह, यू ट्राइड," त्यातली एक उंच मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. घाल, घाल म्हणून सगळ्या मागे लागल्या. त्याने घातला. त्या शर्टात तो अंग चोरून उभा होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

ऋग्वेदा त्याच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली आणि केक कापायला घेतला.