शून्य आकड्याचं पाणी

समोरच्या देसाईवहिनींच्या काचेच्या टाकीत समुद्रातले दोन केशरी मासे आहेत. आधीचे दोन नळाच्या पाण्यामुळे गेले. तेव्हापासून वहिनी पाणी फिल्टरमधून थेंबथेंब गाळून घेतात, त्यात क्षार मोजायचं मीटर बुडवतात आणि आकडा शून्यावर आला की मगच समुद्री मीठ ढवळतात. काल मीठ पडायच्या आधी मी त्यातलं पेलाभर मागून घेतलं.

"कसं लागतंय?" वहिनींनी विचारलं.

"कसंच नाही."

खरंच, जीभ नुसती ओली झाली. पाण्याला चव नसते हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण तसलं पाणी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच पीत होतो. मग आजवर मी जिला पाण्याची चव म्हणत आलो, ती कुणाची? धरणातल्या गाळाची, गंजक्या पाइपाची, की आमच्या माठाची?

"नुसत्या ह्याच पाण्यात मासे सोडले तर?" मी विचारलं.

"छे हो! इतक्या शुद्ध पाण्यात कोण जगेल?" मीठ ढवळत वहिनी म्हणाल्या.

घरी येऊन माठात ओगराळं बुडवलं. पहिल्याच घोटाला मातीची चव लागली, आणि तहान नसताना मी आणखी एक पेला प्यायलो.