बू यूसुफ नावाचा पत्ता

हमीदभाई गेल्याचा फोन बहरीनच्या सलमानिया इस्पितळातून आला तेव्हा मी ऑफिसात एक कोटेशन टाईप करत बसले होते. सकाळी हिद्दच्या गोडाऊनमध्ये छातीत कळ आली, माणसांनी गाडीत घालून नेलं, आणि खलास. मला हुंदका येणार, तेवढ्यात आमचे मालक बू खालिद केबिनमधून बाहेर आले. डोळे लाल झालेले. म्हणाले, "फिलो, यूसुफ को खबर दिया?" ...आणि माझं रडणं जागच्या जागी थांबलं. खरं सांगते, त्या क्षणी मला दुःखापेक्षा संतापच जास्त आला. इतकी वर्षं मी हमीदभाईंच्या कानीकपाळी ओरडत होते की हे एकदा निस्तरा. निस्तरलं नाही ते नाहीच, आणि आता स्वतः निवांत निघून गेले. उत्तरं द्यायला फिलोमिना बसलीच आहे! कारण हमीदभाईंना यूसुफ नावाचा कुठला मुलगा नव्हता.

मी वसईची, ते खेडजवळच्या एका गावचे. जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या त्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी फोन आणि टायपिंग सांभाळायची, ते गोडाऊन. माणूस सरळ, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! वाद कधी घालायचे नाहीत. "होय बाई" म्हणायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे. अशा माणसाशी भांडताही येत नाही हो, डोक्याला नुसता ताप.

बहरीनमध्ये मुलगा झालेल्या माणसाला कोणी त्याच्या नावाने हाक मारत नाही. बू खालिद म्हणजे खालिदचे वडील. मालकांचं स्वतःचं नाव काय, हे मला नोकरीला लागल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं. हमीदभाईंना मूल नव्हतं, म्हणून ते नुसतेच हमीद. मग लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांच्या बायकोला, जैबुनभाभींना, दिवस गेले. बाळंतपणाला रजा मंजूर झाली होती, तिकीट हातात होतं, आणि कुवेतचं युद्ध पेटलं. विमानं बंद. अख्खं ऑफिस रोज विचारायचं, काय झालं, काय झालं. एका दुपारी भाभींच्या भावाचा फोन आला तो मीच घेतला. मुलगा झाला होता, पण मेलेलाच जन्मला होता. मी रिसीव्हर हमीदभाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, ठेवला, आणि वळतात तो समोर बू खालिद. "वलद? बिन्त?" मुलगा की मुलगी? हमीदभाई म्हणाले, "वलद." मुलगा. खोटं काय होतं त्यात? "नाव काय?" हमीदभाई म्हणाले, "यूसुफ." पुढचं बोलणार, तर मालकांनी त्यांना मिठी मारून गालांचे मुके घेतले आणि "बू यूसुफ! बू यूसुफ!" म्हणत सगळं ऑफिस गोळा केलं. हमीदभाई मिठीत तसेच उभे. माझ्याकडे बघत होते... पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून त्या दिवशी बाहेर पडलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

मी सुरुवातीला समजून घेतलं. माणसाला धक्का बसलाय, सांगेल चार दिवसांनी. कसलं काय! दर ईदला बू खालिद विचारणार, यूसुफ चालायला लागला का, शाळेत घातलं का, आणि हा माणूस हसून मान हलवणार. एकदा मालकांनी रिफाच्या एका दुकानातून यूसुफसाठी फुटबॉल आणला, एकदा बूट. रजेवर जाताना हमीदभाई ते मुकाट्याने बॅगेत भरायचे आणि तिकडे भावाच्या पोरांना द्यायचे. मी म्हणायची, "अहो, लाज कशी वाटत नाही? सांगून टाका. मालक काय खाणार आहेत तुम्हाला?" तर म्हणे, "होय बाई." एकदाच जरा बोलले. म्हणाले, "गावात मोठी माणसं बोलली, श्वासच घेतला नाही त्याला नाव कसलं. तिथे त्याला कोण विचारत नाय. इथे ईदला एक माणूस तरी विचारतो." मी चरफडत टायपिंगला बसले.

मग ऑफिसात इंटरनेट आलं. सगळ्यांनी हौसेने फुकटचे ई-मेल पत्ते काढले. माझा काय, माझं नाव, पुढे नवऱ्याचं आडनाव, कोणाला काही समजावायला नको. हमीदभाईंचा काढायला मी बसले, तर हमीद नाव आधीच कोणीतरी घेऊन बसलेलं. मी म्हटलं, पुढे गावाचं नाव जोडूया. तर म्हणे, "बूयूसुफ घाला." मी की-बोर्डावरचा हात काढला. "डोकं फिरलंय का तुमचं? तोंडी चाललंय ते पुरे नाही झालं?" ते शांतपणे म्हणाले, "पासपोर्टातलं नाव बापाने ठेवलं, बाई. मी आयुष्यात एकच नाव ठेवलंय." घातलं मग. दुसरं काय करणार!

आणि व्हायचं तेच झालं. यांनी मोठ्या हौसेने तो पत्ता गावी पुतण्याला फोनवर सांगितला. पुतण्याने तो कुवेतहून परतलेल्या शेजाऱ्याला दाखवला, आणि त्या शहाण्याने घरात येऊन अर्थ सांगितला: बू यूसुफ, म्हणजे यूसुफचा बाप. दुसऱ्या दिवशी भाभींचा ऑफिसात फोन. आवाज अगदी थंड. "बाई, तुम्ही खरं सांगा. त्यांनी तिकडे दुसरं घर केलंय ना? पोरगा केवढा झाला?" हमीदभाई समोरच डिलिव्हरीचे कागद घेऊन उभे. मला खुणेने सांगतायत, तुम्हीच सांगा! मी म्हटलं, अजिबात नाही, आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "आपला, जैबुन. दुसरा कुठला आणू?" तिने नाव विचारलं असावं. मग हे म्हणाले, "यूसुफ." थोड्या वेळाने पुन्हा, "यूसुफ." ती परत परत विचारत होती आणि हे परत परत सांगत होते. मी उठून पॅन्ट्रीत गेले. चहाचं निमित्त.

भाभींना कळलं, तरी मालकांना सांगायचं राहिलंच होतं. आणि आता हमीदभाईच नव्हते. बू खालिद म्हणत होते, आईला आणि मुलाला इथे आणू, यूसुफच्या शाळेचं मी बघेन, बाप गेलेलं पोर आहे. मला शेवटी तोंड उघडावंच लागलं. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ते भडकलेच. टेबलावर हात आपटला. "मी दर ईदला विचारायचो, आणि तो हसायचा! मला का नाही सांगितलं?" हेच तर मी इतकी वर्षं विचारत आले होते. मग खुर्चीत बसले. कुटुंबाला सांत्वनाचा फॅक्स लिहायला मला बसवलं. मी हमीदभाईंचं पासपोर्टवरचं नाव टाईप केलं, तर खेकसले, "ये कौन है? बू यूसुफ लिखो!" दोन्हीकडून मीच ऐकून घ्यायचं!

दफन इथेच झालं. काही आठवड्यांनी मी भाभींना फोन केला. ई-मेलचा पासवर्ड माझ्याकडेच होता, म्हटलं विचारून बंद करून टाकावं, कशाला ठेवायचं. तर म्हणाल्या, "बंद नका करू, बाई. कोण काय पाठवील ते परत नको जायला." अहो, पाठवणार कोण? पण त्यांना कोण समजावणार! त्या फुकटच्या खात्याचं असं आहे की काही दिवस उघडलं नाही तर ते आपोआप बंद होतं. म्हणजे ती डोकेदुखीही माझ्याच गळ्यात. दर गुरुवारी दुपारी कामं संपली की मी ते उघडते. दुसरं काय असणार, नुसत्या जाहिराती. स्वस्त तिकिटं, घड्याळं, वजन कमी करायची औषधं... "डिअर बूयूसुफ, डिअर बूयूसुफ." काढून टाकायला हात जातो आणि मागे येतो. मग खेडला फोन लावते. भाभी वाटच बघत असतात. "आलं काय काही?" मी सांगते, हो, आलीत चार-पाच. "कोणाच्या नावाने?" त्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी दर वेळी विचारतात. मीही आता कटकट करत नाही. "यूसुफच्या वडलांच्या," म्हणते, आणि त्या म्हणतात, "परत एकदा सांगा."